गाणाऱ्याचं पारपत्र

तानसेन समारोहाचा पहिला दिवस हजिऱ्यावर, म्हणजे तानसेनच्या समाधीच्या परिसरात, ज्या रीतीनं उजाडतो, ती रीत आम्हा ग्वाल्हेरकरांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे वेगळं लक्षच जात नाही. सनई वाजते, ढोलीबुवांच्या परंपरेतली हरिकथा होते, त्याच आवारात मीलाद होतो आणि मग तानसेनच्या कबरीवर चादर चढते. शेजारी शत्तारी पंथाचे सूफी संत मुहम्मद गौस यांचा दगडी जाळ्यांचा भव्य मकबरा. संस्थानी काळात, 1924 साली, उर्साच्या निमित्तानं सुरू झालेला हा सोहळा 2024 च्या डिसेंबरात शंभरीला पोचला. त्याच्या आदल्या वर्षी ऑक्टोबरअखेर युनेस्कोनं ग्वाल्हेरला संगीताचं शहर म्हणून आपल्या जागतिक साखळीत घेतलं. वाराणसी आणि चेन्नईनंतर हा मान मिळालेलं भारतातलं हे तिसरं शहर.

अलीकडे समारोहात विश्वसंगीताच्याही सभा होतात. परदेशातले वादक आणि गायक येऊन आपापलं संगीत ऐकवतात. मला या सभा मनापासून आवडतात आणि त्या वाढाव्यात असं वाटतं. डिसेंबरात शहराच्या लष्कर भागातल्या मराठी घरांमध्ये यंदा कोण कोण येणार याची चर्चा सुरू झाली की मीही कान टवकारून ऐकतो. पण या चर्चेत एक वाक्य हमखास येतं. 'त्यांच्याकडच्यांना कशाला बोलवायचं?' 'त्यांच्याकडचे' म्हणजे कोण, हे वर्षागणिक बदलत जातं. पाकिस्तान तर कायमचाच. मध्ये काही काळ चीन होता, मग तुर्कस्तान आलं, हल्ली बांगलादेशाचंही नाव निघतं. ज्या देशाच्या सरकारशी आपलं बिनसलं, त्या देशातला गवईही त्याच खात्यावर जमा होतो.

दोन सरकारांचं भांडण खरं असू शकतं, ते करणं भागही असू शकतं. पण त्या भांडणाची वसुली एखाद्या गवयाकडून, त्यानं स्वतः काय केलं हे न पाहता, नुसत्या पारपत्रावरून करणं हा पूर्वग्रह आहे. माणसाला त्याच्या बोलण्यावागण्यावरून जोखावं आणि कलावंताला त्याच्या कलेवरून. हे कबूल करणारे पुष्कळ भेटतात. पण पूर्वग्रह बहिष्कारापासून सुरू होत नाही, तो स्वागताच्या भाषणापासून सुरू होतो, हे फारसं कुणी बोलत नाही. मला आज त्याबद्दल लिहायचं आहे.

एका वर्षी रात्रीच्या सभेत एक इराणी वादक आला होता. त्याच्या हातात तार नावाचं वाद्य होतं. लाकडात कोरलेले दोन गोल एकमेकांना चिकटलेले, वर पातळ कातडं ताणलेलं, आणि नखीनं छेडायच्या सहा तारा. थंडी मी म्हणत होती. धुक्यानं मंडपातले दिवे पिवळट दिसत होते. वाद्य जुळवायला त्याला बराच वेळ लागला. गार हवेत तारा पुन्हा पुन्हा उतरत होत्या आणि तो दर वेळी कान खुंटीपाशी नेऊन त्या चढवत होता. मागच्या रांगांमधले लोक चहाला उठले. माझ्या शेजारी आमच्या गल्लीतले एक काका बसले होते. आयुष्यभर तबला शिकवलेले, कान अतिशय तयार. वादन सुरू झालं आणि दोनच मिनिटांत ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "सूर उतरलाय रे याचा."

"काका, थांबा जरा," मी म्हटलं.

त्यांनी शाल कानांवरून सारखी केली आणि डोळे मिटले. तो वादक त्याच जागेवर येत राहिला. आपला कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध कुठंतरी असलेला तो स्वर. दर वेळी तंतोतंत तिथंच, कधी हळुवार टेकवून, कधी घोळवून. थोड्या वेळानं काका डोळे न उघडताच म्हणाले, "पुन्हा तिथंच लावतोय. म्हणजे जागा आहे ती." त्यानंतर त्यांनी मांडीवर बोटानं मात्रा धरल्या. वादन संपल्यावर त्यांनी मला विचारलं, "याचा गुरू कोण?"

ग्वाल्हेरात कुठल्याही नव्या गवयाबद्दल पहिला प्रश्न हाच विचारतात. मला उत्तर देता आलं नाही, कारण कुणी ते सांगितलंच नव्हतं. सूत्रसंचालकानं त्या वादकाची ओळख करून देताना त्याच्या देशाचं नाव तीनदा घेतलं होतं, दोन्ही राष्ट्रांमधल्या प्राचीन मैत्रीचे धागे दृढ होत असल्याचं सांगितलं होतं आणि टाळ्या घेतल्या होत्या. तो कुणाकडे शिकला, काय वाजवणार आहे, ते कसं ऐकायचं, याबद्दल अवाक्षर नव्हतं. इराणी संगीतात दस्तगाह म्हणून स्वरांच्या आणि चिजांच्या बांधलेल्या परंपरा असतात, त्या रदीफ नावाच्या संग्रहातून गुरूसमोर बसून तोंडपाठ कराव्या लागतात, आणि आपल्या कानाला अनोळखी असलेले हे मधले स्वर त्यात मुद्दाम योजलेले असतात. एवढं चार वाक्यांत सांगता आलं असतं. चहाला उठलेल्यांपैकी निम्मे तरी बसून राहिले असते असं मला खात्रीनं वाटतं, कारण ग्वाल्हेरचा श्रोता घोकंपट्टीचा, तालमीचा मान ठेवतो.

त्याऐवजी तिथं आम्हाला माणूस दिसलाच नाही, देश दिसला. माझी तक्रार इथंच आहे. आज एखाद्या वादकाचं स्वागत आपण 'इराण' म्हणून केलं, तर उद्या दुसऱ्या कुणाला 'पाकिस्तान' म्हणून हाकलणं अगदी सोपं जातं. दोन्ही वेळा आपण एकच गोष्ट केलेली असते. समोरच्या माणसाला त्याच्या सरकारचा नमुना ठरवलेलं असतं. संबंध गोड असले की नमुन्याला हार घालायचा, कडू झाले की त्याच नमुन्याला दार दाखवायचं. मैत्रीचे धागे वगैरे भाषणं निरुपद्रवी वाटतात, पण परराष्ट्र संबंधांचं ओझं गवयाच्या खांद्यावर पहिल्यांदा तिथंच ठेवलं जातं.

आणि हे ओझं किती चुकीच्या खांद्यावर आहे हे पाहायला आम्हा मराठी माणसांना लांब जायला नको. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात कशी आली ही कहाणी आपल्या घराघरांत अभिमानानं सांगितली जाते. हस्सू खाँ आणि हद्दू खाँ या ग्वाल्हेरच्या गवयांकडे मराठी तरुण शिकले. हस्सू खाँसाहेबांचे शिष्य वासुदेवबुवा जोशी, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर, आणि मिरजेत बुवांकडे तयार झालेले विष्णु दिगंबर पलुस्कर. इथं ग्वाल्हेरात शंकर पंडितांच्या घरी निसार हुसेन खाँ राहिले आणि त्यांनी त्या घराला विद्या दिली, म्हणून आपल्याला कृष्णराव शंकर पंडित मिळाले. ही वंशावळ आम्हाला पाठ असते. पण तिच्यातला एक टप्पा आपण घाईनं उरकतो. पलुस्करांनी आपलं गांधर्व महाविद्यालय पहिल्यांदा कुठं काढलं? पुण्यात नाही, मुंबईत नाही. 5 मे 1901 रोजी, लाहोरमध्ये.

कुरुंदवाडात जन्मलेला, फटाक्याच्या अपघातात डोळे अधू झालेला एक मराठी माणूस पंजाबात जातो, राजाश्रय न घेता लोकांच्या पैशावर संगीताची शाळा उभी करतो, आणि कुणाच्याही मुलाला ठरलेल्या अभ्यासक्रमानं गाणं शिकता येईल अशी सोय करतो. मुंबईची शाखा त्यानंतर, 1908 साली. पुढं पंडित ओंकारनाथ ठाकूर तरुणपणी त्याच लाहोरच्या विद्यालयाचे प्राचार्य झाले. आज गावोगावची मुलं गांधर्वच्या परीक्षा देतात, भिंतीवर प्रमाणपत्रं लावतात. त्या सगळ्याचं मूळ ज्या शहरात रुजलं, ते शहर 1947 पासून शत्रूराष्ट्राच्या नकाशात आहे. लाहोरच्या लोकांनी पलुस्करांना जागा दिली होती. त्या शहरातला गवई आज ग्वाल्हेरच्या मंचावर बसू शकत नाही, आणि याचं कुणाला विशेष वाटतही नाही.

तिकडेही ही विद्या मेलेली नाही. फाळणीनंतर शास्त्रीय संगीत टिकावं म्हणून लाहोरच्या रसिकांनी 1959 मध्ये ऑल पाकिस्तान म्युझिक कॉन्फरन्स सुरू केली. किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांची, म्हणजे आपल्या मिरजेच्या खाँसाहेबांची, गायकी रोशनआरा बेगमनं तिकडे नेली आणि जपली. सिंधमध्ये उस्ताद उमीद अली खाँ स्वतःला ग्वाल्हेर घराण्याचे म्हणवत. बडे गुलाम अली खाँ कसूरचे. फाळणीनं ते पाकिस्तानी झाले आणि काही वर्षांनी त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्या मधल्या वर्षांत त्यांची ठुमरी शत्रूची होती असं म्हणायला कुणाची जीभ धजावेल?

असं जगात इतरत्रही झालं आहे, आणि तिथं काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा बॉस्टनच्या प्रसिद्ध वाद्यवृंदाचे जर्मन संचालक कार्ल मुक यांच्याविरुद्ध इतकं वातावरण तापलं की मार्च 1918 मध्ये त्यांना अटक करून स्थानबद्ध केलं गेलं. पिट्सबर्ग शहरात युद्ध संपेपर्यंत जर्मन संगीतकार बीथोव्हेनच्या रचना वाजवायलाच बंदी होती. बीथोव्हेनला मरून तेव्हा नव्वद वर्षं झाली होती.

दुसऱ्या महायुद्धात लंडननं वेगळा रस्ता धरला. पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर 1939 मध्ये, नॅशनल गॅलरीतली चित्रं सुरक्षित जागी हलवल्यावर रिकाम्या झालेल्या दालनात, दुपारच्या मैफली सुरू केल्या. त्या युद्धभर चालल्या. शहरावर जर्मन बाँब पडत होते आणि तिथं बाख, बीथोव्हेन, ब्राम्स या जर्मन संगीतकारांच्याच रचना वाजत होत्या. ऐकायला येणाऱ्यांत कारकून होते, परिचारिका होत्या, रजेवर आलेले सैनिक होते. बीबीसीनं तर व्याप्त युरोपासाठीच्या प्रक्षेपणात बीथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचे पहिले चार स्वर विजयाची खूण म्हणून वापरले. या लोकांची देशभक्ती कमी होती असं म्हणण्याची कुणाची छाती आहे? युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, 1947 मध्ये, एडिंबराचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी व्हिएन्नाचा वाद्यवृंद तिथं वाजवायला आला. त्याचं संचालन केलं ब्रूनो वॉल्टर यांनी. ज्यू असल्यामुळं ज्यांना व्हिएन्ना सोडून जावं लागलं होतं, तेच वॉल्टर.

तरीही हे धडे टिकत नाहीत. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला. त्यानंतर म्युनिकच्या वाद्यवृंदानं आपले संचालक व्हालेरी गेर्गिएव्ह यांना काढलं. ते पुतिन यांचे उघड समर्थक होते आणि युद्धापासून अंतर राखायला त्यांनी नकार दिला होता. हा निर्णय मला समजतो. त्यांच्या स्वतःच्या वर्तनावरून तो घेतला गेला होता. पण त्याच दिवसांत मॉन्ट्रियलमध्ये अलेक्झांडर मालोफेयेव या वीस वर्षांच्या रशियन पियानोवादकाचे कार्यक्रम रद्द झाले. या मुलानं युद्धाविरुद्ध जाहीरपणे लिहिलं होतं. त्याचा गुन्हा एवढाच की तो रशियन होता. कार्डिफमध्ये जुन्या काळातले रशियन संगीतकार चायकोव्हस्की यांची '1812' नावाची रचना कार्यक्रमातून वगळली गेली. गेर्गिएव्ह आणि मालोफेयेव यांच्यातला फरक ज्याला दिसत नाही, तो न्याय करत नाहीये, त्याला फक्त आपला राग कुठंतरी टाकायचा आहे.

आता कुणी म्हणेल, युरोपच्या गोष्टी सांगणं सोपं आहे. आमच्या जवानांच्या शवपेट्या येतात तेव्हा तुम्ही गझला ऐकणार का? हा प्रश्न मी हलक्यात घेत नाही. ग्वाल्हेरात बसून तो हलक्यात घेताच येत नाही. भिंड-मुरैन्याच्या गावागावांतली पोरं पिढ्यान् पिढ्या फौजेत जातात. महाराजपुऱ्याचा हवाई तळ शहराला लागून आहे. कारगिलच्या लढाईत इथल्या मिराज विमानांनी भाग घेतला आणि 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोटला गेलेली मिराजही इथूनच उडाली. हजिऱ्यावर आलाप चालू असताना आकाशातून विमानाची घरघर जाते आणि गवई क्षणभर थांबतो, हे इथल्या कित्येकांनी अनुभवलं आहे. युद्ध म्हणजे काय हे या शहराला कुणी शिकवायला नको. पहलगामनंतर, एप्रिल 2025 मध्ये, जो संताप झाला तो अगदी खरा होता आणि माझाही होता.

म्हणून मी असं म्हणत नाही की अंत्ययात्रा निघत असताना मैफल लावा. शोकाला वेळ द्यावाच लागतो. व्हिसा द्यायचा की नाही, व्यापार ठेवायचा की तोडायचा, हे सरकारनं ठरवावं, ते त्याचं काम आहे. सरकारनं पाठवलेल्या अधिकृत पथकाचं स्वागत नाकारणं हेही राजकीय उत्तर म्हणून योग्य ठरू शकतं. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. एक, जी बंदी कधी संपणार हे कुणालाच माहीत नाही आणि जिचा त्या कलावंताच्या एकाही कृत्याशी संबंध नाही, तिला देशभक्तीचं नाव देणं. दुसरी, सरकारनं रीतसर व्हिसा दिल्यावरही तोडफोडीची धमकी देणाऱ्या जमावाच्या हातात अखेरचा निर्णय जाणं.

2015 सालचं उदाहरण घेऊ. एप्रिलमध्ये पाकिस्तानी गझलगायक गुलाम अली वाराणसीच्या संकटमोचन मंदिरातल्या संगीत समारोहात गायले. ऑक्टोबरमध्ये मुंबईत, जगजित सिंगांच्या स्मरणार्थ ठेवलेला त्यांचा कार्यक्रम धमक्यांमुळं रद्द करावा लागला. गायक तेच, वर्ष तेच, पारपत्र तेच. एक गोष्ट मात्र विसरू नये. मार्च 2006 मध्ये दहशतवाद्यांनी ज्या ठिकाणी बाँब फोडले, त्यांत संकटमोचन मंदिर होतं. भाविक मेले होते. ज्या आवारात ते रक्त सांडलं, त्याच आवारात त्या मंदिराच्या लोकांनी नऊ वर्षांनी पाकिस्तानी गायकाला बसवलं. ज्यांना घाव बसला त्यांना बाँब फोडणारा आणि गाणारा यांतला फरक कळला. हे माझ्या दृष्टीनं गेल्या कित्येक वर्षांतलं फार मोठं सार्वजनिक कृत्य आहे, आणि त्याची आठवण जितकी व्हायला हवी तितकी होत नाही.

न्यायालयांनीही हे म्हटलं आहे. पाकिस्तानी कलावंतांवर सरसकट बंदी घालावी अशी याचिका मुंबई उच्च न्यायालयानं ऑक्टोबर 2023 मध्ये फेटाळली. देशभक्त असण्यासाठी परक्या, विशेषतः शेजारच्या देशातल्या माणसांशी वैर धरण्याची गरज नाही, असा त्या निकालाचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयानंही पुढच्याच महिन्यात त्यात हात घालायला नकार दिला. त्यानंतर दीड वर्षात वातावरण पुन्हा बदललं आणि मे 2025 मध्ये पाकिस्तानातली गाणी, मालिका, पॉडकास्ट काढून टाकण्याच्या सूचना ओटीटी कंपन्यांना गेल्या. तोपर्यंत फोनवर असलेली गाणी एका रात्रीत दिसेनाशी झाली.

पूर्वग्रह फक्त आपल्याकडेच आहे असं मुळीच नाही. उलट बाजूनं तो आपल्यावरही कोसळतो. मैहरचे बाबा अल्लाउद्दीन खाँ, आपल्याच मध्य प्रदेशाचे म्हणून आपण ज्यांचा अभिमान बाळगतो, ते मूळचे ब्राह्मणबारिया जिल्ह्यातले, आजच्या बांगलादेशातले. तिथं त्यांच्या नावानं संगीताचं विद्यालय आणि छोटं संग्रहालय आहे. जानेवारी 2016 मध्ये त्याची मोडतोड झाली. मार्च 2021 मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या दौऱ्याविरुद्ध झालेल्या दंगलीत ते जाळलं गेलं. राग दिल्लीवर होता, जळली सरोद आणि सतारी शिकवणारी शाळा. आणि त्याच बांगलादेशात, ढाक्याच्या आर्मी स्टेडियमवर, 2012 पासून काही वर्षं जो शास्त्रीय संगीताचा महोत्सव होत असे, तिथं हजारो तरुण रात्रभर बसून भारतीय कलावंतांचे ख्याल आणि सतार ऐकत. एकाच देशात दोन्ही प्रकारची माणसं आहेत. बांगलादेशाचं नाव घेतलं की आपण यांतल्या कुणाला डोळ्यांसमोर आणतो?

पश्चिमेनंही आपल्याला हाच अनुभव दिला आहे. ऑगस्ट 2016 मध्ये उस्ताद अमजद अली खाँ यांनी ब्रिटननं आपला व्हिसा नाकारल्याचं जाहीर केलं आणि दुःख व्यक्त केलं. ग्वाल्हेरात जन्मलेला, लंडनच्या मंचावर दशकानुदशकं सरोद वाजवत आलेला हा कलावंत. तेव्हा आपण सगळे चिडलो होतो आणि ते योग्यच होतं. दोन वर्षांनी ब्रिटनमधल्या वोमॅड या विश्वसंगीताच्या महोत्सवाच्या आयोजकांनी सांगितलं की व्हिसाची दगदग आणि अपमान नको म्हणून कलावंत आमंत्रणंच नाकारू लागले आहेत. अमजद अलींसाठी जो राग आपल्याला आला, तो आपल्या दारातून परत गेलेल्या गवयासाठीही यायला हवा.

ग्वाल्हेरच्या जिवाजीगंजातल्या अमजद अलींच्या वडिलोपार्जित घरात आता सरोद घर नावाचं संग्रहालय आहे. बाहेरगावचे पाहुणे आले की मी त्यांना तिथं नेतो. त्या घराण्याचे पूर्वज बंगश, अफगाण भागातून रबाब घेऊन आले. रबाबात बदल होत होत सरोद घडला. आणि रबाबाच्या त्या देशात, अफगाणिस्तानात, 2021 पासून तालिबानच्या राजवटीत पुन्हा वाद्यं फोडली जात आहेत. काबूलच्या राष्ट्रीय संगीत संस्थेतल्या मुलामुलींना आणि शिक्षकांना देश सोडून पोर्तुगालचा आसरा घ्यावा लागला. दुसरीकडे भारतानं ऑक्टोबर 2025 मध्ये काबूलमधल्या आपल्या कार्यालयाला पुन्हा दूतावासाचा दर्जा दिला. त्याला राजकीय कारणं असतील, शेजारच्या देशाशी बोलणं सरकारला टाळता येत नाही, हे मला पटतं. पण यावरून एवढं तरी कळावं की सरकारं आपल्या गरजेप्रमाणं हात पुढं करतात आणि मागं घेतात. गवयाचं भाग्य त्या हाताला बांधायचं, तर आज काबूलचे राज्यकर्ते पाहुणे आणि काबूलचा रबाबवादक परका, अशी स्थिती येईल.

आणखी एक पूर्वग्रह आहे, तो रंगाचा. युरोपातून आलेल्या वादकाबद्दल आपल्याकडे आपोआप आदर असतो. आफ्रिकेतला कलावंत आला की 'जोशपूर्ण नृत्यसंगीत' म्हणून ओळख होते, मग तो काहीही वाजवो. पश्चिम आफ्रिकेतल्या मालीचा कोरा, एकवीस तारांचं ते वाद्य, हे तिथल्या पिढीजात गायकवादक घराण्यांकडे असतं. बाप मुलाला शिकवतो, राजांच्या वंशावळी आणि युद्धांच्या कथा त्यातून सांगितल्या जातात. तुमानी जियाबाते यांच्यासारखा वादक, जो 2024 मध्ये वारला, अशाच पिढ्यांच्या तालमीतून आला होता. घराणं म्हणजे काय हे समजणाऱ्या ग्वाल्हेरला कोरावादक किती लवकर कळू शकेल! पण आधी त्याच्याकडे घराणेदार म्हणून पाहायला हवं. ज्या देशात 2017 मध्ये ग्रेटर नोएडात आफ्रिकी विद्यार्थ्यांना जमावानं मारहाण केली, तिथं हे आपोआप होणार नाही, ते ठरवून करावं लागेल.

संगीतानं देश जोडले जातात, युद्धं थांबतात, असा माझा दावा नाही. वाद्यवृंद संचालक डॅनियल बॅरेनबॉईम आणि विचारवंत एडवर्ड सईद यांनी 1999 मध्ये इस्रायली आणि अरब तरुणांचा एकत्र वाद्यवृंद उभारला. बॅरेनबॉईम स्वतःच म्हणत आले की यानं शांतता येणार नाही, हे काम अज्ञानाविरुद्धचं आहे. मला ते मोजमाप बरोबर वाटतं. त्या रात्री काकांना इराणचं परराष्ट्र धोरण कळलं नाही. त्यांना एक स्वर कळला, आणि तो चुकीचा नसून आपल्याला अनोळखी आहे हे कळलं. समोरच्या माणसाकडे बेसूर म्हणून पाहण्याऐवजी त्याच्या गुरूची चौकशी करावीशी वाटली. प्रत्यक्ष मैफलीत हे घडतं, कारण तिथं उठून जायला लाज वाटते, माणूस डोळ्यांसमोर असतो, त्याची बोटं थंडीनं आखडलेली दिसतात. फोनवर तो स्वर ऐकला असता तर काकांनी तिसऱ्या मिनिटाला पुढं ढकलला असता.

म्हणून समारोहाच्या आयोजकांकडे माझं मागणं साधं आहे. परदेशी कलावंताची ओळख देशाच्या नावानं संपवू नका. तो कुणाकडे शिकला, त्याच्या वाद्याची तालीम कशी असते, आज तो काय ऐकवणार आहे, हे हिंदीतून नीट सांगा, आणि हे सांगायला सूत्रसंचालकाऐवजी संगीत जाणणारा माणूस बसवा. त्याला सभेच्या कडेची, लोक जेवायला उठतात तेव्हाची वेळ देऊ नका. दुसऱ्या दिवशी त्याला राजा मानसिंह तोमर संगीत विद्यापीठात मुलांसमोर दोन तास बसवा आणि आपल्या मुलांना त्याच्यासमोर गायला लावा. युनेस्कोच्या साखळीतल्या शहरांनी एकमेकांकडून शिकावं अशीच अपेक्षा आहे. आणि संबंध सुधारून व्हिसा मिळू लागले, तर पहिली आमंत्रणं शेजारच्या देशांत जावीत. लांबच्या पाहुण्याला बोलवायला धाडस लागत नाही.

तोपर्यंत काही गोष्टी कुणाच्याही परवानगीशिवाय करता येतील. ग्वाल्हेरात मराठी मंडळं आहेत, त्यांच्याकडे सभागृहं आहेत, वाढदिवस आणि पुण्यतिथ्या करण्याची सवय आहे. 5 मे हा लाहोरच्या गांधर्व महाविद्यालयाचा स्थापना दिवस आपण करावा. ऊन कडक असतं, म्हणून संध्याकाळी सातला. आधी पलुस्करांच्या लाहोरच्या वर्षांवर कुणीतरी अर्धा तास बोलावं, मग ध्वनिमुद्रणं लावावीत. रोशनआरा बेगमचं एखादं, उमीद अली खाँसाहेबांचं एखादं, सलामत-नजाकत अलींचं एखादं, आणि मध्ये आमच्या कृष्णराव पंडितांचं. जुन्या ध्वनिमुद्रिका ग्वाल्हेरातल्या कित्येक घरांत कपाटांत पडून आहेत. प्रत्येक ध्वनिमुद्रणाआधी गाणाऱ्याचं नाव आणि त्याच्या गुरूचं नाव सांगायचं. देश कुणी विचारला तर तोही सांगावा, पण शेवटी.